दोन दरवाजांचा तंबू : कोरिया १९५३ आणि 'मानवी सुरक्षा'

#थ्रेड

१/
एक तंबू. बाहेर पडण्यासाठी दोन दरवाजे. एकातून गेलेला मनुष्य आपल्या गावी, आईवडिलांकडे परतेल. दुसऱ्यातून गेलेला बहुधा त्यांना पुन्हा कधीही पाहणार नाही. बाहेर पहाऱ्यावर भारतीय जवान उभे आहेत.
स्थळ : कोरियाचा निर्लष्करी पट्टा. काळ : १९५३चा हिवाळा तोंडावर आलेला.
आजचा थ्रेड या तंबूविषयी आहे. त्यात एका मराठी सेनाधिकाऱ्याचाही वाटा आहे.

२/
आरंभी एक संकल्पना. 'सुरक्षा' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर सीमा, सैन्य आणि रणगाडे येतात. म्हणजे ही सुरक्षा राज्यसंस्थेची. १९९४ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने प्रसिद्ध केलेल्या मानव विकास अहवालात हा दृष्टिकोन उलटा करण्यात आला. पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक हे त्यामागील प्रमुख नाव. सुरक्षा माणसाची असते, असे सांगून अहवालाने तिची सात अंगे मांडली : आर्थिक, अन्नविषयक, आरोग्यविषयक, पर्यावरणीय, वैयक्तिक, सामुदायिक आणि राजकीय.

३/
आमच्या अभ्यासक्रमात 'मानवी सुरक्षा' हे प्रकरण १९९४पासून सुरू होते. शब्दाचा इतिहास म्हणून ते बरोबरच आहे. परंतु 'राज्य सुरक्षित की माणूस सुरक्षित?' हा प्रश्न त्याच्या चाळीस वर्षे आधी कोरियात इतक्या उघडपणे विचारला गेला, की त्याच्या उत्तरावाचून एक महायुद्धसदृश युद्ध थांबेना. तो प्रश्न काय होता, ते पाहू.

४/
२५ जून १९५० रोजी उत्तर कोरियाच्या सैन्याने ३८वे अक्षवृत्त ओलांडले. दक्षिणेच्या साहाय्याला अमेरिकेच्या नेतृत्वाखालील संयुक्त राष्ट्रांचे सैन्य आले, तर वर्षअखेरीस चिनी 'स्वयंसेवक' उत्तरेच्या बाजूने उतरले. सोल शहर एका वर्षाच्या आत चार वेळा हातोहात गेले. १९५१च्या उन्हाळ्यात आघाडी जवळपास पूर्वीच्याच रेषेवर येऊन थिजली आणि १० जुलै १९५१ रोजी वाटाघाटी सुरू झाल्या. तडजोड काही आठवड्यांत होईल, असा अनेकांचा होरा होता. प्रत्यक्षात दोन वर्षे लागली.

५/
शस्त्रसंधीची रेषा कोठे आखावी, तिच्यावर देखरेख कोणी करावी, हे मुद्दे कष्टाने का होईना, सुटत गेले. गाडी अडली ती युद्धकैद्यांपाशी. १९४९च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराचे ११८वे कलम स्पष्ट होते : लढाई थांबताच कैद्यांची विनाविलंब मुक्तता करून त्यांना मायदेशी पाठवावे. दुसऱ्या महायुद्धानंतर लक्षावधी कैदी वर्षानुवर्षे परदेशी छावण्यांत राबत राहिले होते. त्या अनुभवातून हे कलम जन्मले. कैद्याला परत जायचेच नसेल तर काय, या प्रश्नाला मात्र त्यात उत्तर नव्हते.

६/
आणि कोरियात नेमके तसे कैदी हजारोंच्या संख्येने होते. चिनी सैन्यातील कित्येक जण पूर्वी च्यांग कै-शेकच्या राष्ट्रवादी फौजेत होते. यादवी युद्धात पराभव झाल्यावर त्यांना नव्या सैन्यात सामावून घेण्यात आले होते. उत्तर कोरियाच्या गणवेशात पकडले गेलेले काही जण मुळात दक्षिणेचे रहिवासी होते. त्यांना उत्तरेच्या सैन्याने बळजबरीने भरती केले होते. अशा माणसाचा 'मायदेश' कोणता? तो कोणी ठरवायचा, त्याच्या सरकारने की त्याने स्वतः?

७/
अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी भूमिका घेतली : इच्छेविरुद्ध कोणालाही परत पाठवणार नाही. त्यामागे एक जुनी बोच होती. १९४५मध्ये याल्टा येथील समझोत्यानुसार पाश्चात्त्य राष्ट्रांनी सोव्हिएत नागरिकांना जबरदस्तीने परत धाडले होते. त्यांतील अनेकांच्या वाट्याला तुरुंग, श्रमछावण्या आणि मृत्यू आला.
अर्थात, यात निव्वळ करुणा होती असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. साम्यवादी सैनिक घरी जाण्यास नकार देतो, याहून प्रभावी प्रचार कोणता?

८/
चीन व उत्तर कोरिया यांची बाजूही पोकळ नव्हती. करार तुम्हीच केला आहे, त्यातील शब्द स्पष्ट आहेत. मग 'ऐच्छिक परतपाठवणी' ही पळवाट कोठून आली? शिवाय, काटेरी तारांच्या आत, शत्रूच्या संगिनींखाली विचारलेल्या प्रश्नाला दिलेले उत्तर 'स्वेच्छेचे' कसे मानायचे?
हा आक्षेप ध्यानात ठेवा. पुढे तोच सर्वांच्या आड येणार आहे.

९/
कारण कोजे बेटावरील छावण्यांत त्या वेळी जे चालले होते, त्याला स्वेच्छा म्हणणे कठीण होते. आतील सत्ता कैद्यांच्याच टोळ्यांच्या हाती होती. काही कुंपणांत साम्यवादी, काहींत साम्यवादविरोधी. रात्री 'न्यायालये' भरत, मारहाण होई, माणसे मारली जात. कैद्यांच्या अंगावर बळाने साम्यवादविरोधी घोषणा गोंदल्या जात. असा गोंदलेला देह घेऊन मायदेशी परतायचे तरी कसे? ७ मे १९५२ रोजी तर साम्यवादी कैद्यांनी छावणीचे प्रमुख ब्रिगेडियर जनरल डॉड यांनाच पकडून ओलीस ठेवले.

१०/
येथे संकल्पनेचा गुंता लक्षात येतो. माणसाला धोका केवळ परक्या राज्याकडून नसतो. तो स्वतःच्या राज्याकडून असतो, आणि अनेकदा स्वतःच्या गटाकडून, शेजारच्या बिछान्यावर झोपणाऱ्याकडूनही असतो. मानव विकास अहवालाने 'वैयक्तिक', 'सामुदायिक' आणि 'राजकीय' सुरक्षा वेगवेगळ्या का मोजल्या, हे मला कोजे बेटाविषयी वाचल्यावर खऱ्या अर्थाने उमगले.

११/
दरम्यान, एवढ्या एका मुद्द्यासाठी सुमारे दीड वर्ष युद्ध रेंगाळले. टेकड्या घेतल्या जात, सोडल्या जात. उत्तर कोरियाची शहरे बॉम्बवर्षावाखाली भाजत राहिली. कैद्यांच्या इच्छेचा मान राखण्यासाठी ज्यांना मरावे लागले, त्यांची इच्छा कोणी विचारली नव्हती. मानवी सुरक्षेचा पुरस्कार करणाऱ्या कोणालाही हा हिशेब टाळता येत नाही. तत्त्व निर्मळ असू शकते. त्याची किंमत मात्र बहुधा दुसराच कोणी चुकवतो.

१२/
कोंडी फोडण्याचा मार्ग भारताने सुचवला. १९५२च्या अखेरीस व्ही. के. कृष्ण मेनन यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत प्रस्ताव मांडला : कैदी एका तटस्थ आयोगाच्या ताब्यात द्यावेत, परत जाण्यासाठी किंवा न जाण्यासाठी कोणावरही बळाचा वापर होऊ नये. ३ डिसेंबर १९५२ रोजी आमसभेने तो स्वीकारला. सोव्हिएत गटाने विरोध केला, चीननेही तो फेटाळला. नंतर ५ मार्च १९५३ रोजी स्टालिनचा मृत्यू झाला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस चौ एन-लाय यांनी जी नवी भूमिका जाहीर केली, ती या प्रस्तावाच्या बरीच जवळ जाणारी होती.

१३/
८ जून १९५३ रोजी कैद्यांसंबंधीचा समझोता झाला. दहाच दिवसांनी दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनी छावण्यांचे दरवाजे उघडून सुमारे २७,००० साम्यवादविरोधी उत्तर कोरियाई कैदी परस्पर सोडून दिले. शस्त्रसंधीलाच त्यांचा विरोध होता. समझोता मोडतो की काय, अशी अवस्था झाली. पण तो टिकला. २७ जुलै १९५३ रोजी पानमुनजोम येथे शस्त्रसंधीवर सह्या झाल्या.

१४/
परत जाऊ इच्छिणाऱ्यांची अदलाबदल ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उरकली. उरलेले 'नकार देणारे' कैदी तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाकडे आले. त्यात पाच देश : स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया आणि अध्यक्षस्थानी भारत. दोन या बाजूकडे झुकलेले, दोन त्या बाजूकडे. म्हणजे निर्णायक मत नेहमी भारताचेच. कैद्यांच्या पहाऱ्यासाठी सैन्यही एकट्या भारताचे.
आयोगाचे अध्यक्ष होते लेफ्टनंट जनरल थिमय्या. पहारा देणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख होते कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात, म्हणजेच आपल्याला परिचित असलेले एस. पी. पी. थोरात.

१५/
ऱ्ही यांनी बजावले होते की, भारतीय सैनिकाचे पाऊल दक्षिण कोरियाच्या भूमीवर पडू देणार नाही. भारताला ते साम्यवाद्यांचा छुपा मित्र समजत. परिणामी इंचॉन बंदरात आलेल्या भारतीय जवानांना अमेरिकन हेलिकॉप्टरांतून थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. तेथे त्यांनी तळ उभारला. त्याचे नाव ठेवले 'हिंद नगर'.
त्यांच्या हवाली झाले दक्षिणेकडून आलेले २२,६०४ कैदी. त्यांत १४,७०४ चिनी होते, तर ७,९०० कोरियाई. उत्तरेकडून आले ३५९ : ३३५ कोरियाई, २३ अमेरिकन, १ ब्रिटिश.

१६/
ही जबाबदारी किती नाजूक होती, ते पहिल्या काही दिवसांतच दिसले. एका कुंपणातील चिनी कैद्यांनी मेजर ग्रेवाल या भारतीय अधिकाऱ्याला आत ओढून अडकवून ठेवले. बाहेर भारतीय तुकड्या शस्त्रसज्ज उभ्या राहिल्या. एक गोळी सुटली असती तर शेकडो माणसे मरण पावली असती आणि आयोगही तेथेच संपला असता. थोरात स्वतः कुंपणात गेले, संतप्त जमावाशी बोलत राहिले आणि ग्रेवाल यांना घेऊन बाहेर आले. गोळी झाडली गेली नाही.

१७/
सर्वच दिवस असे गेले नाहीत. ऑक्टोबरच्या आरंभी कैद्यांचे जमाव अनावर झाले, तेव्हा पहारेकऱ्यांना गोळीबार करावा लागला आणि त्यात कैदी मृत्युमुखी पडले. हे वगळून 'भारताची शांतिगाथा' सांगणे म्हणजे इतिहासाची फसवणूक होईल.
तरीही एकंदर काळ पाहता संयम हाच नियम राहिला. कोरियातील कामगिरीबद्दल थोरातांना अशोक चक्र (वर्ग दुसरा) हा सन्मान मिळाला. पुढे त्याचेच नाव कीर्ति चक्र झाले.

१८/
आता तंबूकडे वळू. करारानुसार प्रत्येक बाजूला नव्वद दिवस मिळणार होते. या काळात तिचे प्रतिनिधी आपल्या कैद्यांना 'स्पष्टीकरण' देणार : घरी या, तुम्हाला शिक्षा होणार नाही. कैदी एकेक करून तंबूत आणला जाई. समोर त्याच्या देशाचे प्रतिनिधी, सोबत पाचही तटस्थ देशांची माणसे, दुभाषे आणि निरीक्षक. ऐकून झाले की त्याने एका दरवाजातून बाहेर पडायचे. परतायचे असेल तर हा दरवाजा, नसेल तर तो.

१९/
कागदावरची ही न्याय्य व्यवस्था प्रत्यक्षात विस्कटली. कुंपणातील पुढारी कैद्यांना बाहेरच येऊ देईनात. जे आले त्यांतील कित्येक जण तंबूत घोषणा देत, प्रतिनिधींच्या अंगावर धावून जात. एकेका कैद्याशी तासन्‌तास हुज्जत चाले. नव्वद दिवसांपैकी जेमतेम दहा दिवस स्पष्टीकरणाची सत्रे होऊ शकली आणि दक्षिणेकडील छावणीतील सातांपैकी सुमारे एकाच कैद्यापर्यंत ती पोहोचली. काही जण मात्र रात्री तारा ओलांडून भारतीय पहारेकऱ्यांकडे पळून आले : आम्हाला घरी जायचे आहे, पण आत तसे म्हटले तर जीव जाईल.

२०/
येथे थिमय्यांपुढे पेच उभा राहिला. बळाने कुंपणे फोडून पुढाऱ्यांना वेगळे काढले, तर आतल्या दुबळ्या कैद्याला निर्भयपणे निवड करता येईल. पण त्यासाठी कदाचित शेकडोंचे रक्त सांडेल. बळ न वापरावे, तर टोळीची दहशत हीच 'स्वेच्छा' म्हणून नोंदली जाईल. पोलंड व चेकोस्लोव्हाकियाला बळाचा वापर हवा होता. स्वीडन व स्वित्झर्लंडचा त्याला ठाम विरोध होता. भारताने बळ न वापरण्याचा निर्णय घेतला.
तटस्थता म्हणजे हात बांधून उभे राहणे, असे आपल्याला वाटते. येथे तर न केलेली प्रत्येक कृतीसुद्धा एका बाजूच्या पदरात पडत होती.

२१/
नव्वद दिवस २३ डिसेंबर १९५३ रोजी संपले. उरलेल्या कैद्यांचे भवितव्य एका राजकीय परिषदेने ठरवायचे होते. ती परिषद भरलीच नाही. मग कैद्यांना मुक्त करण्याचा अधिकार कोणाचा? भारताने जानेवारी १९५४मध्ये त्यांना ज्या बाजूकडून घेतले होते तिच्या स्वाधीन केले. दक्षिणेकडील बाजूने त्यांना मुक्त घोषित केले आणि बहुतेक चिनी कैदी तैवानला गेले. परतीचा मार्ग निवडलेल्यांची संख्या होती सहाशेहून थोडी अधिक. उत्तरेच्या छावणीतील २१ अमेरिकन आणि एका ब्रिटिश सैनिकानेही मायदेश नाकारला होता.

२२/
एक तिसरा दरवाजाही होता. ८८ जणांनी दोन्ही बाजू नाकारून तटस्थ देश मागितला आणि भारतीय दलाबरोबर ते भारतात आले. त्यांतील बरेच जण पुढे ब्राझील व अर्जेंटिनाला गेले, थोडे इथेच स्थिरावले. कोरियाई कादंबरीकार चोई इन-हुन यांच्या १९६०च्या 'चौक' या अर्थाच्या कादंबरीचा नायक असाच तटस्थ देश निवडणारा युद्धकैदी आहे. दोन विचारसरणींच्या कात्रीत सापडलेल्या पिढीचे प्रतीक म्हणून तो आजही कोरियात वाचला जातो.

२३/
आता तीन संज्ञा. शांतता-अभ्यासक योहान गाल्टुंग यांनी १९७६मध्ये त्या वेगळ्या करून दाखवल्या.
शांतता राखणे : लढणाऱ्यांना एकमेकांपासून दूर ठेवणे.
शांतता साधणे : वाटाघाटींनी समझोता घडवणे.
शांतता उभारणे : युद्धाची मुळे दूर करून समाज पुन्हा जोडणे.
१९९२मध्ये संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस बुत्रोस-घाली यांच्या 'शांततेसाठी कार्यक्रमपत्रिका' या दस्तऐवजामुळे तिसरी संज्ञा जगभर रूढ झाली.

२४/
कोरियाला या कसोटीवर घासून पाहा. पानमुनजोमने शस्त्रसंधी साधली. निर्लष्करी पट्टा ती राखतो आहे. उभारणी मात्र झालीच नाही. १९५४ची जिनिव्हा परिषद कोरियाच्या बाबतीत निष्फळ ठरली आणि शांतता-तह आजतागायत झालेला नाही. गाल्टुंग यांच्याच भाषेत ही 'नकारात्मक शांतता' : बंदुका थांबल्या, अन्याय आणि ताटातूट तशीच राहिली. २००० सालच्या शिखर परिषदेनंतर विभक्त कुटुंबांच्या भेटी सुरू झाल्या, तेव्हा पन्नास वर्षांनी भेटणारी भावंडे काही तास एकत्र बसून पुन्हा आपापल्या दिशेला गेली. अशी शेवटची भेट २०१८मध्ये झाली.

२५/
मग हिंद नगरचा प्रयोग फसला का? माझे मत सांगतो, पटले नाही तर अवश्य खोडून काढा. कैद्यांना खरीखुरी मुक्त निवड देण्यात तो बहुतांशी अपयशी ठरला. परंतु त्याने दोन गोष्टी साध्य केल्या. एक, सैन्यांना आपापल्या प्रतिष्ठेला धक्का न लावता युद्धातून बाहेर पडता आले. दोन, कैद्याची इच्छा ही विचारण्याजोगी बाब आहे, हे तत्त्व आंतरराष्ट्रीय व्यवहारात रुजले. १९५१च्या निर्वासित करारातही छळाची भीती असलेल्या ठिकाणी माणसाला परत न लोटण्याचे तत्त्व आहे. दोन्हींचे कूळ एकच.

२६/
आणखी एक वारसा. १९५६मध्ये सुएझ संकटानंतर संयुक्त राष्ट्रांचे पहिले सशस्त्र शांतिदल उभे राहिले, त्यातही भारतीय तुकडी होती. संमती, निःपक्षपात आणि स्वसंरक्षणापुरतेच बळ ही शांतिदलांची त्रिसूत्री आपण आज पाठ करतो. हिंद नगरचे दल संयुक्त राष्ट्रांचे नव्हते, तरी तिन्ही सूत्रांची परीक्षा, आणि तिन्हींच्या मर्यादा, तेथे आधीच दिसून आल्या होत्या. थिमय्या पुढे सायप्रसमधील शांतिदलाचे सेनापती झाले आणि १९६५मध्ये त्याच कामगिरीवर असताना वारले.

२७/
आज युद्धांच्या बातम्या वाचताना आपण कोणती रेषा कोठवर सरकली ते पाहतो. तेही पाहावेच. पण जोडीला एवढेही विचारावे : या समझोत्यात कैद्यांचे काय ठरले? विस्थापितांना कोणी विचारले? परतणाऱ्याला परतल्यावर कोण सांभाळणार? ही कलमे मसुद्यात सहसा शेवटी येतात आणि वाटाघाटी बहुधा तेथेच अडतात.

२८/
शेवटी एक प्रश्न तुमच्यासाठी. डिसेंबर १९५३. तुम्ही थिमय्यांच्या जागी आहात. कुंपणाच्या आत कोणी तरी घरी जाऊ इच्छितो, पण बोलू शकत नाही. त्याला बाहेर काढायचे तर गोळी चालवावी लागेल, आणि ती कदाचित त्यालाच लागेल. काय कराल?
उत्तर खाली लिहा, कारणांसह. 'परिस्थितीवर अवलंबून' हे उत्तर चालणार नाही. परिस्थिती वर दिलेलीच आहे.

॥ थ्रेड समाप्त ॥